जुना गेम कन्सोल, जुना सिंथ: आधी तपासणी, मग भाव

जुना कन्सोल किंवा जुना सिंथ (आवाज तयार करणारा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) घेऊन अडकलेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांची चूक एकच निघते. भाव आधी ठरलेला असतो आणि तपासणी मागून. हजार-पाचशे तोडून घेतल्याच्या आनंदात माणूस घरी येतो, वीज जोडतो, आणि मग कळतं की सहा पट्ट्या वाजत नाहीत किंवा डिस्क फिरते पण चित्र येत नाही. खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका. वस्तू स्वस्त पडली की महाग, हे ती घरात चालू होईपर्यंत एकूण किती गेले यावरून ठरतं.

## टप्पा १: काय हवंय ते आधी कागदावर लिहा

'जुनं काहीतरी चांगलं मिळालं तर बघू' म्हणून बाजारात जाऊ नका. कन्सोल हवा असेल तर कोणता, आणि तो कोणत्या टीव्हीला जोडणार, हे लिहा. सिंथ हवा असेल तर घरी शिकायला, भजनी मंडळात वाजवायला, की मुद्दाम जुन्या आवाजासाठी, हे लिहा.

मराठवाड्यात प्रत्यक्ष काय सापडतं ते सांगतो. गेममध्ये ९० च्या दशकातले 'टीव्ही गेम' म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलच्या नकला, त्यानंतर प्लेस्टेशन वन आणि सगळ्यात जास्त प्लेस्टेशन टू, कारण तालुक्याच्या गावांतल्या गेम पार्लरांत तोच चालायचा. क्वचित सेगा मेगा ड्राइव्ह, गेमबॉय, पीएसपी. वाद्यांमध्ये कॅसिओचे आणि यामाहाच्या पीएसआर मालिकेतले कीबोर्ड भरपूर. ऑर्केस्ट्रावाल्यांकडून आलेले रोलँड एक्सपी मालिकेतले कीबोर्ड, कॉर्गचे कीबोर्ड आणि ऑक्टापॅडही (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) निघतात. यामाहा डीएक्स ७, कॉर्ग एम १, रोलँड ज्युनो १०६ अशी ८० च्या दशकातली नावाजलेली यंत्रं इथे फार कमी. ती हवी असतील तर मुंबई, पुणे, हैदराबाद धरावं लागेल.

तपासा: टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागा आहे का? नवीन एलईडीमध्ये बऱ्याचदा तिन्हींसाठी मिळून एकच बारीक भोक असतं आणि त्याची वेगळी वायर लागते. बंदुकीचे गेम खेळायचे असतील तर जुना काचेच्या नळीचा टीव्हीच लागेल; ती बंदूक एलईडीवर चालत नाही.

## टप्पा २: पिशवी भरल्याशिवाय घर सोडू नका

मालकाकडे वायर नसते, डिस्क नसते, हेडफोन नसतो. 'काल चालू होतं' एवढंच असतं. म्हणून सगळं आपलं न्यायचं:

- मल्टिमीटर आणि बारीक टॉर्च
- हेडफोन, त्याला लागणारी जाड पिन, आणि एक छोटा स्पीकर
- एव्ही वायर (लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची). शक्य असेल तर छोटा एव्ही स्क्रीन, कारमध्ये मागचा कॅमेरा बघायला लावतात तसला
- कन्सोलसाठी चालू असल्याची खात्री असलेली कॅसेट. पीएस टूसाठी तीन डिस्क, त्यातली एक निळ्या पाठीची सीडी आणि दोन चंदेरी डीव्हीडी
- ९ आणि १२ व्होल्टचे अडॅप्टर, पिनेची धन-ऋण दिशा बदलता येईल असे
- भरलेले पेन्सिल सेल
- आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, कापसाच्या काड्या, मऊ ब्रश
- मिडी-यूएसबी वायर (मिडी म्हणजे वाद्य आणि संगणक यांच्यात सूर-आवाजांची माहिती पाठवायची वाट). ती ओटीजीने फोनलाही जोडता येते
- एक्स्टेन्शन बोर्ड

ही पिशवी बघूनच निम्मे मालक खरं बोलायला लागतात.

## टप्पा ३: कुठे आणि कधी

नाव बदलून शोधा. आपल्याकडे कुठलाही कीबोर्ड म्हणजे 'कॅसिओ'. कोणी त्याला 'पियानो' म्हणतं, कोणी 'ऑर्गन'. एखाद्या घरातला रोलँड 'जुना कॅसिओ पियानो, चालू आहे' अशा नावाने विकायला निघालेला असतो. पीएस टूसुद्धा 'टीव्ही गेम' किंवा 'सीडीवाला गेम' होऊन येतो. मॉडेलचं नाव टाकून शोधणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. चुकीची स्पेलिंगं, मराठी नावं, हिंदी नावं, सगळं टाकून बघा. फोटो मोठा करून पाठीमागचा मॉडेल नंबर वाचा. निम्मा फायदा इथेच होतो.

माणसांकडून शोधा. बँजो पार्टी, भीमगीतांचे ऑर्केस्ट्रे, जागरण-गोंधळाचे संच, मंडप-साउंडवाले यांच्याकडे जुना माल पडून असतो आणि त्याची जाहिरात होत नाही. टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांशी ओळख ठेवा. लोकांनी दुरुस्तीला टाकून न नेलेले कन्सोल त्यांच्या माळ्यावर असतात. भंगारवाल्याला आपला नंबर देऊन ठेवा आणि वस्तूचा फोटो दाखवा, कारण नाव त्याच्या लक्षात राहत नाही. छत्रपती संभाजीनगरात जाफर गेटचा रविवारचा बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, हैदराबादेत कोठीची गुजराती गल्ली या जागा फिरून बघण्यासारख्या आहेत. नांदेड, लातूर, धाराशिवच्या लोकांना मुंबईपेक्षा हैदराबाद सोयीचं पडतं.

वेळ साधा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागते, एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम असतात. या काळात चालू कीबोर्ड कोणी विकत नाही, आणि विकला तर चढ्या भावाने. आषाढात कार्यक्रम थंडावतात तेव्हा वाद्यं बाहेर निघतात. गणपती झाले की लगेच पितृपक्ष. त्या पंधरवड्यात खरेदी करणारे कमी, म्हणून मालक नरम असतो. कन्सोलसाठी दिवाळीची साफसफाई सगळ्यात चांगली. माळा रिकामा होतो आणि लेकरांचा जुना गेम पोत्यातून अंगणात येतो. भंगारवाल्याच्या हातगाड्यावर चढायच्या आधी तो गाठायचा.

## टप्पा ४: जाण्याआधी फोनवर पाच प्रश्न

ऐंशी किलोमीटर एसटीने जाऊन रिकाम्या हाताने परत यायचं नसेल तर हे विचारा:

१. दादा, पाठीमागच्या स्टिकरचा फोटो पाठवता का?
२. शेवटचं कधी चालू केलं होतं? आत्ता चालू करून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवाल का?
३. अडॅप्टर मूळचा आहे का?
४. कुठे उघडून दुरुस्त केलाय का? काय बदललं?
५. विकत कोणाकडून घेतला होता, बिल किंवा खोकं आहे का?

भाव विचारायची घाई इथे करू नका. 'बघितल्यावर बोलू' एवढंच म्हणा. फोनवर आकडा ठरला की तिथे गेल्यावर दोष दाखवूनही तो खाली येत नाही, शब्द दिल्यासारखं होतं.

सावधान: 'मी सैन्यात आहे, बदली झाली, वस्तू पार्सलने पाठवतो, आधी पैसे टाका' हा जुना सापळा आहे. तुम्हाला पैसे *मिळण्यासाठी* क्यूआर स्कॅन करा, पिन टाका असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा.

## टप्पा ५: वीज जोडण्याआधी

सगळ्यात जास्त चांगल्या वस्तू इथे मरतात, आणि मारणारा विकत घेणाराच असतो. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालतो असं नसतं. कॅसिओच्या बऱ्याच जुन्या कीबोर्डांना ९ व्होल्टचा, आतलं टोक ऋण असलेला अडॅप्टर लागतो. यामाहा पीएसआरला बहुधा १२ व्होल्टचा, आत धन असलेला. सेगा मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला आत ऋण, तर दुसऱ्याला आत धन. जोडायच्या भोकाशेजारी गोलाचं छोटं चित्र असतं, ते वाचा, अडॅप्टरचं टोक मल्टिमीटरने मोजा, आणि मगच लावा.

थेट विजेवर चालणारा सिंथ असेल तर मागची पट्टी वाचा. १०० व्होल्ट म्हणजे जपानचा, १२० म्हणजे अमेरिकेचा. परदेशातल्या नातेवाइकाने आणलेला असा कीबोर्ड आपल्या २३० व्होल्टमध्ये थेट खोचला तर आतला पुरवठा जळतो. त्याला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल आणि त्याची किंमत हिशेबात धरावी लागेल. तसंच जपान-अमेरिकेकडचा कन्सोल आपल्या जुन्या पॅल पद्धतीच्या (आपल्याकडच्या चित्रपद्धतीच्या) टीव्हीवर काळंपांढरं चित्र देऊ शकतो. कन्सोल बिघडलाय असं समजून सोडून देऊ नका, एलईडीवर लावून बघा.

तपासा: सेलचं झाकण उघडा. आत हिरवट-निळसर किंवा पांढरी बुरशीसारखी पूड असेल तर सेल गळलेत. फक्त पत्र्यांवर असेल तर साफ होतं, वायरींतून आत गेली असेल तर पुढे वाढतं.

## टप्पा ६: कन्सोल तपासताना

कॅसेटवाले. चित्र आलं नाही की आपण सगळेच लहानपणापासून कॅसेटमध्ये फुंकर मारतो. ती सवय मोडा. फुंकरेतला ओलावा तांब्याच्या पट्ट्यांवर बसतो आणि त्या काळ्या पडतात. अल्कोहोलमध्ये काडी बुडवून पट्ट्या पुसा, दोन मिनिटं वाळू द्या, मग लावा. निम्मे 'बंद' टीव्ही गेम एवढ्यानेच सुरू होतात, म्हणूनच बंद अवस्थेतला स्वस्तात घेणं परवडतं. मात्र नकली टीव्ही गेम उघडल्यावर आत काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली सगळी चिप दडलेली दिसते. ती गेली असेल तर दुरुस्ती नाही. रिमोट आणि खोक्याचे पैसे द्या, त्याहून जास्त नाही.

डिस्कवाले. इथे मी स्वतः फसलोय, म्हणून नीट सांगतो. एका दुकानात पीएस टू बघितला, मालकाने स्वतःची डिस्क टाकली, तीन मिनिटं गाडी पळवून दाखवली. मी पैसे दिले. घरी दहा मिनिटं झाली की चित्र अडकायचं, मग 'डिस्क वाचता येत नाही' असा संदेश. लेन्स थकलेली होती; यंत्र गार असेपर्यंत वाचायची, तापलं की सोडून द्यायची. तेव्हापासून मी किमान अर्धा तास चालवतो, तोवर चहा घेतो, गप्पा मारतो. आपल्या उन्हाळ्यात ४२ अंशांत बंद खोलीत जे चालतं ते कायम चालतं.

तिन्ही डिस्क लावा. कुठली वाचते आणि कुठली नाही हे लिहून ठेवा: फक्त चंदेरी वाचतो आणि निळी नाही, किंवा उलट, तरी लेन्स अर्धी गेली असंच धरा. डिस्क काढून पाठ बघा, गोल चरे आले असतील तर यंत्र डिस्क खराब करतंय. मालक प्लेस्टेशन वन उलटा ठेवून किंवा उभा करून चालवत असेल तर लेन्सची सरक झिजलीय हे समजा. मेमरी कार्डवर गेम साठवून, बंद करून, पुन्हा उघडून बघा. नकली कार्डं इथे पकडली जातात. दोन्ही रिमोटची जागा तपासा. दर वेळी तारीख विचारत असेल तर आतला छोटा सेल संपलाय, ती काळजीची गोष्ट नाही.

हातातले. गेमबॉयच्या पडद्यावर उभ्या रेघा गायब असतील तर ते जाणकाराकडून जोडून मिळतं. पीएसपीचं मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर बॅटरी फुगलीय. ती काढून ठेवा, चार्ज करू नका.

## टप्पा ७: सिंथ तपासताना

आधी चालू न करता टॉर्च घ्या आणि दोन पट्ट्यांमधल्या फटीत मारा. माळेगावच्या यात्रेच्या वाटेवर एका गावात मी असा कीबोर्ड बघितला होता. वरून पुसून लख्ख केलेला. फटीत प्रकाश टाकला तर प्रत्येक पट्टीच्या कडेला हळदीची पिवळी रेघ, आणि काळ्या पट्ट्यांच्या मुळाशी गुलालाचा गुलाबी थर. जागरणात भंडारा उधळला जातो, मिरवणुकीत गुलाल, आणि वाजवणारा उघड्या गाडीवर बसलेला असतो. ही पूड पावसाळ्यात ओल धरते, पट्टीखालच्या रबराला चिकटते आणि पट्ट्या मुक्या होतात. कीबोर्ड संपला असा याचा अर्थ नाही. पूर्ण उघडून साफ करायची मजुरी भावातून वजा करायची, एवढाच. मालकाला न दुखवता दाखवा: "अण्णा, हे बघा, आत भंडारा बसलाय."

आता चालू करा आणि हा क्रम धरा.

पट्ट्या. डावीकडून उजवीकडे एकेक, आधी हळू, मग जोरात. पियानोचा आवाज ठेवा. हळू दाबूनही एखादी पट्टी एकदम जोरात वाजली किंवा वाजलीच नाही तर खालचं रबर मळलंय, साफ होतं. तुटलेली, एका बाजूला झुकलेली पट्टी मात्र शोधून आणावी लागते आणि जुन्या मॉडेलची मिळत नाही.

आवाजांची संख्या. ज्युनो १०६ मध्ये एका वेळी सहा आवाज असतात. एकच पट्टी सहा-सात वेळा वाजवा. दर सहाव्या वेळी खरखर किंवा शांतता आली तर त्या आवाजाची चिप गेलीय. या यंत्राचा तो प्रसिद्ध रोग आहे आणि दुरुस्ती महाग आहे.

बटणं, सरकपट्ट्या, चाक. फिरवताना खरखर आली तर काँटॅक्ट क्लीनरने जाते. सूर वाकवायचं चाक किंवा दांडी सोडल्यावर मध्यावर येते का बघा, नाहीतर सगळंच बेसूर वाजेल.

बाहेर जायच्या वाटा. हेडफोन, डावी, उजवी, तिन्ही वेगवेगळ्या. पेडल चालू करण्याआधी जोडा. नंतर जोडलं तर काही यंत्रांत उलटं चालतं. मिडी फोनला जोडून सूर जातात-येतात का बघा.

रोलँड असेल तर पट्ट्यांच्या खालच्या बाजूला लाल चिकट डिंक ओघळलाय का बघा. ८०-९० च्या दशकातल्या काही मॉडेलांत, जसं जेडी ८०० किंवा एक्सपी ८०, पट्टीतलं वजन चिकटवलेला डिंक वितळून खाली येतो. साफ करायला दिवसचे दिवस जातात. एक्सपी ८० ची फ्लॉपी चालत नसेल तर काळजी नको, त्या जागी पेनड्राइव्हवाला गोटेक बसवता येतो.

### स्वस्तात मिळण्याची खरी जागा

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या सिंथमध्ये आवाज आतल्या नाण्याएवढ्या सेलच्या जोरावर जपलेले असतात. डीएक्स ७ किंवा एम १ मधला हा सेल संपला की पडद्यावर अगम्य अक्षरं येतात. एम १ मध्ये तर प्रोग्रामच निघून जातात, पट्टी दाबली तरी आवाज येत नाही. मालक म्हणतो, 'मेला.' दुरुस्तीवाला म्हणतो, 'मदरबोर्ड.' आणि यंत्र भंगाराच्या भावात निघतं. प्रत्यक्षात सीआर २०३२ सेल बदलून मूळ आवाज मिडीतून परत भरले की ते पहिल्यासारखं वाजतं. पडदा उजळतोय, बटणांना प्रतिसाद आहे, पण आवाज नाही, अशा यंत्रापाशी थांबा. इथे धोका आहेच, दोष दुसराही निघू शकतो. म्हणून बुडाले तरी चालतील एवढेच पैसे लावा.

सावधान: मालकासमोर 'फॅक्टरी रीसेट' मारू नका. सौदा झाला नाही तर त्याने वर्षानुवर्षं जमवलेले आवाज तुम्ही पुसून गेलात असं होईल.

## टप्पा ८: हिशेब, मग बोलणी

आता भाव. समजा मालक ९,००० म्हणतोय. असाच चालू, पूर्ण सामानासह १२,००० ला जातो हे तुम्ही आधी बघून ठेवलंय. अडॅप्टर ६००, आतली सफाई १,०००, पेडल ९००, येणं-जाणं ५००. झाले ३,०००. म्हणजे ९,००० ला घेतला तर फायदा शून्य आणि जोखीम तुमची. जोखमीचे १,५०० आणखी काढा: तुमचा वरचा आकडा ७,५००. तो कागदावर लिहा आणि त्याच्या वर जाऊ नका, मग वस्तू कितीही आवडलेली असो.

बोलताना दोष एकेक दाखवा, यादी वाचून दाखवू नका. "मालक, तीन पट्ट्या बसल्यात आणि अडॅप्टर नाही, माझं गणित सात हजारावर येतंय" असं सरळ सांगितलं की माणूस ऐकतो. 'हा तर भंगारच आहे' म्हटलं की तो दुखावतो आणि सौदा संपतो. त्या कीबोर्डवर त्याचं पोट चाललेलं असतं. समोरच्याला किंमत ठाऊकच नाही आणि पेरणीची नड आहे, तेव्हा नाडून घेऊ नका. मी अशा वेळी स्वतःहून थोडे वर देतो. पुढचा माल तोच माणूस फोन करून सांगतो.

एकाच घरातून दोन वस्तू घेतल्या तर भाव जास्त सुटतो. कन्सोलसोबत कॅसेटचा डबा, कीबोर्डसोबत स्टँड आणि पेटी मागा. पैसे कमी होत नसतील तिथे सामान वाढतं.

## टप्पा ९: पैसे, पावती, वाहतूक

इसार दिलात तर ५०० च्या वर देऊ नका. पूर्ण पैसे वस्तू हातात आल्यावर. साध्या कागदावर पावती घ्या: मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम, तारीख, सही. सिरियल नंबर खरवडलेला असेल तर तिथून निघा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

ट्रॅव्हल्सने पार्सल मागवायचं असेल तर पट्ट्यांवर जाड पुठ्ठा, चारी कोपऱ्यांना थर्माकोल, आणि डिस्क-कॅसेट काढून वेगळ्या. टपावर टाकू देऊ नका. मे महिन्यातल्या टपावर प्लॅस्टिक वाकतं.

## टप्पा १०: घरी आल्यावर, पहिल्या दिवशी

वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेलं, मालकाकडेही चालू न झालेलं यंत्र थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावू नका. आधी धूळ काढा. झुरळाची अंडी आणि उंदराच्या लेंड्या बऱ्याचदा निघतात. मग दुरुस्तीवाल्याच्या सिरीज बोर्डवर १०० वॅटच्या बल्बमधून चालू करून घ्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. वीजपुरवठ्याचा भाग आणि काचेचा टीव्ही स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही आत झटका देण्याइतकी वीज साठलेली असते.

सिंथ चालू असेल तर सेल बदलायची घाई करू नका. आधी आतले सगळे आवाज मिडीतून संगणकावर उतरवा, फाईल उघडतेय याची खात्री करा, आणि त्यानंतरच जुना सेल काढा. हा क्रम उलटा झाला की मूळ मालकाने बनवलेले आवाज कायमचे जातात. परत भरताना डीएक्स ७ ची 'मेमरी प्रोटेक्ट' बंद करावी लागते, नाहीतर यंत्र काहीच घेत नाही. डीएक्स ७ मध्ये सेल बोर्डाला झाळलेला (सोल्डर केलेला) असतो. तिथे सेलचा छोटा कप्पा बसवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा झाळकाम करावं लागणार नाही.

गावाकडे व्होल्टेज वरखाली होतं, लाइट जाऊन एकदम येते. कीबोर्ड आणि कन्सोल स्टॅबिलायझरवर लावा, लाइट गेली की बटण बंद करा, आणि आल्यावर दोन मिनिटं थांबून मगच चालू करा.